उशिरा आलेला साडू

उशिरा येणारी माणसं मी आयुष्यात लई बघितली. अक्षता संपल्यावर लग्नाला येणारी बघितली, ठराव झाल्यावर आणि चहाच्या आधी सोसायटीच्या मीटिंगला येणारी बघितली, राख सावडताना मयताला येणारीही बघितली. पण आठ वर्षं उशिरा येऊन, आपण अगदी वेळेवर आलोत अशा थाटात पहिल्या पंगतीला बसणारा माणूस उभ्या धाराशिव जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू म्हणजे काय, तर दोन सख्ख्या बहिणी दोघांच्या घरात आल्या म्हणून जन्मभर एकमेकांशी तोलले जाणारे दोन गडी. माझी बायको थोरली, त्याची धाकटी. त्यामुळं तो मला साडूभाऊ म्हणायचा, माझ्यापुढं विडी ओढायचा नाही आणि माझं काहीएक ऐकायचा नाही. मीही कुणाचं ऐकत नाही. म्हणून आमचं जमलं.

तो मूळचा शेतकरीच, माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहणारा. बहात्तरच्या दुष्काळात रानात कुसळ उगवलं नाही, तेव्हा आम्ही दोघं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होतो. तिथं बौद्धवाड्यातला एक म्हातारा मिस्त्री बांधाला दगड बसवायचं काम करी. चार दिवस त्याचा हात बघून साडूनं हातोडा टाकला आणि मिस्त्रीच्या मागं मागं हिंडायला लागला. मी रागावलो तर म्हणाला, "साडूभाऊ, तुमी दिसभर दगड फोडताव आन् दगड कमी हुतोय. मिस्त्री दिसभर दगड लावतोय आन् भित वाढायलीय. मला वाढणारं काम पायजे." दुष्काळ सरता सरता तो पक्का गवंडी झाला. पुढं उमरग्याला एका चहाच्या हॉटेलात त्याला एजंट भेटला आणि मस्कतला गवंडी पाहिजेत म्हणाला. साडूनं मला विचारलं, "मस्कत कुठं आलं वो?" मी म्हणालो, "हैद्राबादच्या पुढं." मस्कत कुठं आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक नाही म्हणायची आमच्या घराण्यात रीत नाही. दोन वर्षांसाठी म्हणून गेला. तिथल्या मालकानं पासपोर्ट आपल्या कपाटात ठेवला, एक इमारत झाली की दुसरीवर, दुसरी झाली की तिसरीवर घातला, आणि दोनाची आठ वर्षं झाली.

आला तो सुगीच्या दिवसांत, फाट्यावर एसटीतनं उतरून. अंगात चकाकणारी पँट, डोळ्याला काळा चष्मा, खांद्यावर घागरीएवढा टेपरेकॉर्डर, आणि अंगाला अत्तराचा असा वास की गावची कुत्री भुंकायचं विसरली. संध्याकाळपर्यंत त्यानं निम्म्या गावाला अत्तर लावलं, आणि माझ्या गोठ्यात शिरून गाईलाही लावलं. दोन दिवस त्या गाईनं स्वतःच्या वासराला ओळखलं नाही, वासरानं गाईला ओळखलं नाही, आणि डेअरीचा सेक्रेटरी माझ्या दुधात नाक घालून म्हणाला, "काय वो, गाय लग्नाला निघालीय का?"

पण हे सगळं वरवरचं. खरा साडू दुसऱ्या दिवशी सकाळी कळला. माझ्या ओट्यावर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "म्या गेल्यापसनं गावात कोण जन्मलं, कोणाचं लगीन झालं, कोण गेलं, सगळं सांगा. पर खालनं वर सांगा. आधी पहिल्या सालाचं, मग दुसऱ्या." मी म्हणालो, "कशाला? झालं ते झालं." तर म्हणाला, "कसं झालं? माझं कुठं झालंय? मधला थर सुटला तर वरच्या दगडाला बूड न्हाय ऱ्हात, साडूभाऊ. भरून घ्यावा लागतो." मी आणि माझ्या बायकोनं आठवून आठवून सांगितलं. त्यानं कागदाला हात लावला नाही, बोटाच्या पेरावर सगळं बसवलं. आणि त्या दिवसापासून आठ वर्षांतली गावची सगळी बारशी, लग्नं आणि मयतं त्यानं नव्यानं करायला घेतली.

सुरुवात माझ्याच घरापासून झाली. माझ्या नातीसाठी त्यानं मस्कतहून झबलं आणि कुंची आणली होती. नात शाळेत जात होती, पुढचे दोन दात पडले होते. तरी त्यानं तिला पाटावर बसवलं आणि बायकांना पाळणा म्हणायला लावला. कुंची डोक्यावर जेमतेम टोपीसारखी बसली, झबल्यात एकच हात गेला. माझी मेव्हणी, म्हणजे साडूची बायको, लाजेनं भिंतीकडं तोंड करून उभी होती. साडू नातीच्या कानाशी वाकून नाव सांगायला लागला, तर कार्टी म्हणाली, "मला ठावं हाय माझं नाव. तुमचं काय हाय?" साडू लई खूश झाला. म्हणाला, "बगा, बारशालाच बोलाय लागली!"

मग माझ्या बैलाचा दुखवटा. माझा पवळ्या बैल साडूच्याही औताला चालायचा. तो जाऊन चार वर्षं झाली होती, त्याच्या जागी कर्ज काढून जर्सी गाय आली होती, आणि मीच पवळ्याला विसरत चाललो होतो. साडू तोंडाला टॉवेल लावून गोठ्यात शिरला आणि रिकाम्या खुंट्यापाशी उकिडवा बसला. मग डोळे पुसून, शेजारी रवंथ करणाऱ्या जर्सीकडं बघून मला हळूच विचारलं, "हिला सांगितलंय का, आधी हितं कोण हुतं?" मी त्याला हाकलून दिलं. पण त्या सांजेला मीही त्या खुंट्याला हात लावून आलो, हे त्याला कधी कळू दिलं नाही.

डेअरीचंही त्यानं सोडलं नाही. डेअरी सुरू झाली तेव्हा आपण नव्हतो, म्हणून एक दिवस सकाळी फीत आणि पेढे घेऊन दारात उभा राहिला. दुधाच्या किटल्या घेऊन पन्नास माणसं रांगेत, ऊन वर यायलेलं, आणि हा दाराला फीत बांधतोय. सेक्रेटरी बोंबलला, "अवो, दूध नासंल!" साडू म्हणाला, "तुमीच उशीर करायलाव. कात्री आणा." शेवटी चेअरमननं, पेढ्याकडं बघून, स्वतः कात्री दिली. फीत कापली, टाळ्या झाल्या. माझी किटली नासली होती ती निराळी.

गाव हसायचं. मीही हसायचो. पण मिस्त्रीच्या घरी त्याच्याबरोबर गेलो, तेव्हापासून माझं हसू जरा कमी झालं. ज्या म्हाताऱ्यानं त्याला गवंडी केला, तो मिस्त्री मधल्या काळात वारला होता. आम्ही गेलो तेव्हा मिस्त्रीची बायको अंगणात जोंधळे पाखडत होती. साडूनं तिचे पाय धरले आणि लहान लेकरासारखा हंबरडा फोडला. म्हातारी आधी घाबरली, मग सूप बाजूला ठेवून तीही रडायला लागली. रडणं झाल्यावर उठून तिनं बुद्धाच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली, आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाली, "बाबा, सालं झाली, मिस्त्रीचं नाव काढून माझ्यासंगं कोणी रडलं न्हवतं. पोरं म्हंत्यात, आता कशाला उकरून काढायचं. तुमी आलाव, बरं वाटलं बगा." आणि मग, पदरानं डोळे पुसता पुसता, सहज विचारल्यासारखं म्हणाली, "लेकीकडं जाऊन आलाव का?"

साडूनं तांब्या खाली ठेवला. "जायाचंय," म्हणाला. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की खालून वर थर भरणाऱ्या या माणसानं एक थर मुद्दाम सोडला होता.

त्याची एकुलती एक लेक सुमन. तिचं लग्न तो गेल्यावर तिसऱ्या वर्षी झालं. स्थळ उमरग्याच्या पलीकडलं, कर्नाटकच्या हद्दीला लागून, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. माणसं चांगली होती, थांबायला तयार नव्हती. साडूनं तिकडून निरोप धाडला होता की मालक सुट्टी देतो म्हणालाय, मी येतो. त्या निरोपावर तिथी धरली. तो आला नाही. कन्यादानाला मी आणि माझी बायको बसलो. बापासारखा दिवसभर उपाशी राहिलो, जावयाचे पाय धुतले, आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगली होती माझी. पाठवणीच्या वेळी वऱ्हाडाचा ट्रक फाट्यावर उभा होता. साऱ्या बायका रडत होत्या, पण सुमनच्या डोळ्यात पाण्याचा टिपूस नाही. ती सडकेकडंच बघत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. ती मला म्हणाली, "काका, सोलापूरकडनं आजून यखादी गाडी हाय का वो?" मी म्हणालो, "न्हाय बाळा, शेवटची गेली." ती गप ट्रकमध्ये चढली. पोरगी दगडाची आहे म्हणून बायका कुजबुजल्या. त्यानंतर ती माहेरी यायची ती माझ्या घरी उतरायची. आईला भेटायला तिच्या घरी जायची, पण रात्रीला वळकटी माझ्याकडं. आणि बाप आल्याला तीन महिने झाले तरी ती आली नव्हती. निरोप धाडला की उत्तर यायचं, सुगी आहे, लेकरं आजारी आहेत.

मी साडूला म्हणालो, "तुमीच क्रम मोडला. पहिल्या सालाचं झालं, चौथ्याचं झालं, सातव्याचं झालं. तिसऱ्याचं कुठं हाय?" तो म्हणाला, "ती दार लावून घेतली तर?" मस्कतच्या आठ-आठ मजल्यांवर परांचीवर उभं राहून काम केलेला माणूस, लेकीच्या दाराला भ्याला होता. मी म्हणालो, "मग दाराबाहेर बसू. मला काम न्हाय आन् तुमाला बी न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघालो. अत्तर नाही, चष्मा नाही. साधं धोतर, मुंडासं, आणि काखेत एक पिशवी. सुमनच्या घरी विहीणबाईंनी हसून बसायला घोंगडी टाकली. सुमन आतून आली, माझ्या पाया पडली, बापाच्याही पडली, पण तोंडाकडं बघितलं नाही. तांब्याभर पाणी आणून पुढं ठेवलं. मी गटागट प्यालो. साडूनं तांब्याला हात लावला नाही. विहीणबाई म्हणाल्या, "पाणी घ्या की वो पाव्हणं, ऊन केवढं पडलंय." साडू मान खाली घालून म्हणाला, "चालत न्हाय मला. लेकीला लेकरू झाल्याबिगर बापानं तिच्या घरचं पाणी पिऊ न्हाय."

आता ही आमच्याकडची जुनी रीत खरीच. पण ओसरीवर सुमनची दोन लेकरं आमच्याकडं टकामका बघत बसली होती. विहीणबाईंचा चेहरा उतरला. आमच्या मुलखात उन्हातून आलेल्या माणसानं दारातलं पाणी नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकल्यागत. मी साडूच्या मांडीला चिमटा काढला. त्यानं मांडी हलवली नाही. आणि मग आठ वर्षांत पहिल्यांदा सुमन बापाशी बोलली. बोलली कसली, कडाडली.

"दादा, पाणी प्या. दोन लेकरं झाल्यात मला. ही काय बसल्यात समोर. दिसत न्हाईत का?"

"दिसत्यात बाय."

"मग?"

"कशी झाली ते म्या बगितलं न्हाय. माझ्या लेखी तुजं लगीनच लागलं न्हाय आजून. तू माझ्या घरात शेणकाला करायलीस, परकर नेसून. म्या तिथनंच गेलो हुतो. तिथनंच धरायचं म्हणून आलो. मधलं सोडून एकदम आजा हुता येत न्हाय मला."

सुमनचा नवरा दारात गाडीचं जू हातात घेऊन थिजला होता. मला वाटलं, आता दार लागणार. पण बोलल्या त्या विहीणबाई. थोडं कानडीत पुटपुटल्या आणि मग मराठीत म्हणाल्या, "मग न्या की वो तिला. न्या आणि नीट वाटंला लावून द्या. ही आमच्या दारात उतरली तवा रडली न्हवती. म्या माझ्या लेकाला म्हनले, मुकी सून आणलास का रं बाबा. पाच सालं झाली, आजून बी बसल्या जागी सडककडं बगती." सुमननं पदर तोंडाला लावला, आत गेली, आणि गाठोडं बांधूनच बाहेर आली. बापाकडं न बघता म्हणाली, "चला. काका, तुमी मदी बसा."

तर असे आम्ही आलो. एसटीत त्या दोघांच्या मध्ये मी, आणि माझ्या मांडीवर दोन लेकरं. तिचा नवरा दोन दिवसांनी यायचा होता.

लग्न पुन्हा लावता येत नाही, हे भटजीनं साडूला निक्षून सांगितलं. साडूनं वाद घातला, पण तिथं त्याची डाळ शिजली नाही. मग तो म्हणाला, "लगीन ऱ्हाऊ द्या. ते साडूभाऊनं चांगलं लावलंय." जन्मात त्यानं माझं केलेलं एवढंच कौतुक, तेही भटजीसमोर. पण बाकीचं त्यानं सोडलं नाही. शेजारच्या बायकांनी हसत हसत सुमनला हळद लावली, लेकरांनी आईची हळद पुसून स्वतःच्या गालाला लावली, मस्कतहून आणलेलं हिरवं लुगडं तिला नेसवलं. साडू दिवसभर उपाशी होता. मेव्हणी भाकरी घेऊन मागं लागली तर म्हणाला, "लेकीच्या लग्नात बाप जेवत असतो का?" सुमन सगळं करू देत होती, पण जत्रेतल्या बाहुलीसारखी. बापाला हो आणि नाही, एवढंच.

तिसऱ्या दिवशी पाठवणी. जावई आला होता. उमरग्याकडं जाणारी दुपारची एसटी फाट्यावर लागली. जावई लेकरांना घेऊन खिडकीपाशी बसला. मेव्हणीनं ओटी भरली, माझी बायको गळ्यात पडून रडली, सुमननं माझ्या पाया पडून "काका, येते" म्हटलं. मग ती बापापुढं उभी राहिली. साडूनं काय बोलायचं ते रात्रभर ठरवलं असणार, कारण त्याचे ओठ नुसते हलत होते. कंडक्टर म्हणाला, "चला बाई, टायम झाला." सुमन पायरीवर चढली. साडू तिथंच, हात पुढं करून, मोकळ्या हातांनी उभा. कंडक्टरनं दोरी ओढायला हात वर केला, आणि सुमन पायरीवरनं मागं वळली. तिनं एकदा सोलापूरकडच्या सडकेकडं बघितलं, मग बापाकडं. आणि उतरली.

"दादा, लई उशीर केला वो."

"व्हय बाय. केला."

एवढंच. आणि मग पाच वर्षांपूर्वी त्याच फाट्यावर गिळलेलं सगळं तिनं त्याच्या छातीवर मोकळं केलं. अशी रडली की एसटीतल्या अनोळखी बायकांनी खिडकीतनं पदर डोळ्याला लावले. जावई मान फिरवून बसला. लेकरं आईला बघून रडायला लागली. कंडक्टर तोंडातली पानाची पिंक टाकायची विसरला, आणि ड्रायव्हरनं गाडी बंद करून टाकली. मी जरा बाजूला, बाभळीखाली जाऊन उभा राहिलो. कन्यादान मी केलं होतं, पाय मी धुतले होते, पण माझ्या गळ्यात पडून ती कधी अशी रडली नव्हती. जरा लागलं. पण बरंही वाटलं, पाच वर्षं सांभाळलेलं दुसऱ्याचं जनावर धन्याच्या दावणीला बांधून रिकाम्या हातानं घरी येताना वाटतं तसं.

संध्याकाळी साडू जेवला. तांब्याभर पाणी प्याला आणि म्हणाला, "आता म्या आजा झालो." पुढच्या महिन्यात सुमनच्या घरी जाऊन त्यानं इतकं पाणी पिलं की विहीणबाई म्हणाल्या, घागर आणून ठेवते.

त्यानंतर सुमन माहेरी आली की वळकटी बापाच्या घरी, आणि जायच्या दिवशी फाट्यावर पाठवणी. दर वेळी. लेकरं मोठी झाली, तिच्या केसात पांढरं आलं, तरी साडू सगळी पाठवणी करायचा, आणि त्याला नेहमी थोडा उशीर व्हायचा. कधी ओटीचा नारळ विसरायचा, कधी टॉवेल आणायला परत जायचा. एसटी उभी असायची. कंडक्टर ओळखीचा झाला होता, घंटी द्यायच्या आधी वळून रस्त्याकडं बघायचा.

साडू गेला त्यालाही आता बरीच वर्षं झाली. सुमन अजून येते. जाताना फाट्यावर तिला सोडायला मीच जातो, काठी टेकत. ती आता रडत नाही, नुसती पायरीवर उभी राहून रस्त्याकडं बघते. मी हात वर करून गाडी धरून ठेवतो. हल्लीचे कंडक्टर नवे, त्यांना आमचं काही ठाऊक नाही. परवाचा एक तरणा पोरगा वैतागून म्हणाला, "आजोबा, कोण यायचं ऱ्हायलंय का अजून?"

मी म्हणालो, "व्हय. जरा थांबा. तेला नेमी उशीर हुतो."